गिरणीची उत्तरपूजा

आमच्या पेणच्या कारखान्यात गणपती आडवे पडलेले असतात, उलटे टेकवलेले असतात, पोरं त्यांना ओलांडून पलीकडे जातात. कुणाला त्यात पाप वाटत नाही. मी डोळ्यांची आखणी करते, आणि आखणी झाल्यावरही समोर असते ती मूर्तीच. देव येतो तो चतुर्थीला, गुरुजी यजमानाला मूर्तीच्या हृदयाला हात लावायला सांगतात तेव्हा. निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा होते, अक्षता पडतात, मूर्ती जागेवरून जराशी हलवली जाते आणि देव निघतो. पाण्यात जाते ती पुन्हा माती. शास्त्र इतकं स्पष्ट आहे. म्हणूनच मला विचारावंसं वाटतं, की बंद पडलेल्या गिरणीतला प्राण कधी निघाला, आणि तो काढला कुणी?

माझं माहेर रोह्याजवळचं. माझे वडील, अण्णा, लालबागच्या एका गिरणीत आधी बदली म्हणून लागले, मग साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यातले किती तरी परत आत गेलेच नाहीत. अण्णाही नाही. पुढे जमिनीचा हिशोब झाला. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जागेचे तीन वाटे ठरले, एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना आणि एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जागेची राहिली आणि पहिले दोन वाटे आक्रसले. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. चिमण्यांच्या जागी मॉल आणि कचेऱ्या आल्या.

सगळंच मॉलच्या घशात गेलं असंही नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३च्या आवारात महापालिकेने जुन्या इमारती राखून वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायला घेतलं. दादरची सहा नंबरची, म्हणजे इंदू मिल, चैत्यभूमीच्या शेजारी. तिथल्या बारा एकरांत बाबासाहेबांचं स्मारक होत आहे. गिरणी जाऊन माणसांच्या मनाचं काही उभं राहतं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रश्न तिथेच जास्त टोचतो. मॉलला प्राण नको असतो. संग्रहालयाला तो हवा असतो.

गिरणीत प्राण होता हे मी लहानपणी पाहिलं आहे. दसऱ्याला घरच्यांना आत सोडत. एरवी बोललेलं ऐकू न येणारं खातं त्या दिवशी गप्प असे. साचे पुसलेले, झेंडूच्या माळा घातलेले, कुंकू लावलेले. अण्णा आपल्या साच्यावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटत. रात्रीच्या एसटीने आम्ही रोह्याला निघायचो, कारण दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी, पोलिसांची सशस्त्र सलामी. अण्णांच्या लेखी साच्याची पूजा आणि पालखीचं दर्शन हा एकच सण होता.

असं मानणारे आमच्या मुलखात अण्णा एकटे नव्हते. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५मध्ये विनोबा जन्मले, आणि रोह्याला १९२०मध्ये पांडुरंगशास्त्री आठवले. शेजारच्या दोन तालुक्यांतली ही दोन माणसं श्रमाला पूजा मानत आली. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना सांगितलं, की बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली तर त्या कर्माचं ओझं उरत नाही. शास्त्रीजींनी योगेश्वर कृषी उभी केली. गावकरी पाळीपाळीने त्या शेतात पुजारी म्हणून राबतात, आणि पीक कुणा एकाचं नसतं, देवाचं असतं.

पण अण्णांच्या साच्यावरचं कापड देवाचं नव्हतं, मालकाचं होतं. श्रमाला भक्ती म्हणताना माझी जीभ इथे अडखळते. कापसाच्या तुसांनी त्यांची छाती भरली, शेवटची वर्षं खोकण्यात गेली. ज्या पूजेत पुजाऱ्याचा श्वास खर्ची पडतो आणि प्रसाद दुसरा नेतो, तिला पूजा म्हणायचं का? मी बराच काळ याच्याशी झुंजले. माझं मत असं, की लूट खरी होती आणि भक्तीही खरी होती. लुटणाऱ्याला भक्तीचा आडोसा मिळता कामा नये, आणि लुटलं गेलं म्हणून अण्णांच्या मिटलेल्या डोळ्यांना खोटं ठरवण्याचा हक्कही कुणाला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती अण्णांच्या पिढीने कमीच बोलून दाखवली. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून दोरा तोंडाने ओढावा लागे. उष्ट्या दोऱ्याचा विटाळ नको म्हणून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, जिथे पगार बरा होता तिथेच, घेत नसत. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. म्हणजे आमच्या त्या देवळालाही गाभारा होता, आणि गाभाऱ्याबाहेर उभी केलेली माणसंही.

देवळाचा जीर्णोद्धार करताना मूर्तीतलं तेज आधी कलशात उतरवून घेतात, काम पुरं झालं की पुन्हा मूर्तीत घालतात. त्याला कलाकर्षण म्हणतात. गिरणीच्या बाबतीत हे कुणी केलं नाही. उत्तरपूजा यजमानाने करायची असते, शेजारी येऊन तुमचा गणपती हलवत नाही. आणि गिरणीचा यजमान माझ्या मते सातबाऱ्यावरचा मालक नव्हता. ज्यांनी साच्यावर हात ठेवला ते होते. त्यांना न विचारता मूर्ती हलवली गेली. विटा, तुळया, चिमणी कितीही नीट जपली, तरी ते तेज भिंतीत सापडणार नाही. ते कोकणातल्या घराघरांत पांगलं आहे, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात, पेटीत जपलेल्या पगाराच्या चिठ्ठ्यांत.

म्हणून काळाचौकीला दसरा व्हावा. एक तरी साचा चालता ठेवावा, जुन्या विणकराने तो नव्या पोरांना शिकवावा. ज्यांना साचेखात्याचं दार बंद होतं, त्यांच्यातली बरीच घरं आता बौद्ध आहेत, १९५६च्या धर्मांतराच्या प्रतिज्ञांनंतर ती माळ घालणार नाहीत की नारळ फोडणार नाहीत, आणि तसा आग्रह कुणी धरूही नये. हार-कुंकू आमच्यासारख्यांनी करावं. पण साचा सुरू करायची दांडी दरसाल त्यांच्या नातवंडांपैकी कुणी तरी ओढावी, आणि ती ओढली जाईपर्यंत आम्ही बाजूला उभं राहावं.