खांबात कोण आहे?

पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला आलेल्या माणसाला खांबाची गोष्ट सांगावी लागत नाही. या खांबात आहे का तुझा देव, असं हिरण्यकशिपूनं विचारलं आणि उत्तर खांब फोडून बाहेर आलं. मंदिरापासून जरा लांब, मोटारसायकली उभ्या होत्या तिथे, एक गावठी कुत्रा विजेच्या खांबाशी नाक लावून बराच वेळ उभा होता. त्याला हा प्रश्न पडतच नसावा. खांबात कोणीतरी असतंच, हे तो धरून चालतो. कोण, एवढंच हुंगायचं असतं. हुंगून झालं, तंगडी वर झाली, दोन थेंब सोडले, मागच्या पायांनी माती उकरली आणि स्वारी पुढे गेली.

आपण म्हणतो, कुत्रा हद्द आखतो. हा शब्द आपला, आणि त्यात आपली दुखणीही आली. आपल्याकडे दरसाल नांगराचं एखादं तास बांधाच्या पोटात घुसतं, मग मोजणी येते, मग सख्खे भाऊ तारखांना वेगवेगळ्या गाड्यांनी जातात. म्हणून कुत्र्याच्या दोन थेंबांतही आपल्याला सातबारा दिसतो. पण बांध असता तर दुसरा कुत्रा तिथे थबकला असता. तो तर मुद्दाम जवळ येतो, आधीचा वास नीट वाचतो आणि त्यावरच आपला वास ठेवतो. याला कुंपण कसं म्हणायचं? हा तर गावातल्या पाराचा कट्टा झाला. कोण येऊन गेलं, नर की मादी, माजावर आहे का, ओळखीचं की परकं, सगळं तिथे कळतं. किती वेळापूर्वी, हेही कळतं, कारण वासातले काही घटक लवकर उडून जातात, काही रेंगाळतात. फिका वास म्हणजे जुनी बातमी.

स्वतःची सही कुत्र्याला ओळखता येते का? संशोधक मार्क बेकॉफ यांनी अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पाच हिवाळे आपल्या जेथ्रो नावाच्या कुत्र्यामागे फिरून हे तपासलं. मूत पडलेला पिवळा बर्फ उचलून ते दुसरीकडे नेऊन ठेवत. जेथ्रो परक्यांच्या बर्फापाशी रेंगाळायचा, स्वतःच्या बर्फावरून लवकर पुढे जायचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात लहान चणीचे कुत्रे अंगाच्या मानाने मोठ्यांपेक्षा तंगडी अधिक उंच नेतात असं दिसलं. अंगापेक्षा सही मोठी! असे पुढारी आपणही पाहिले आहेत.

मांजराचं काम जास्त गुंतागुंतीचं. बोका शेपटी ताठ करून भिंतीवर फवारा मारतो, तो उग्र वास सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेच मांजर दाराच्या चौकटीला आणि आपल्या पोटऱ्यांना गाल घासतं, तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास तिथे ठेवत असतं. आपण त्याला लळा म्हणतो. लळा असेलही, पण त्या घरातल्या ओळखीच्या वस्तूंच्या यादीत आपलीही नोंद होत असते. खिडकीबाहेर परकं मांजर फिरू लागलं की घरातलं मांजर पडद्यावर फवारे मारू लागतं. ती मस्ती नव्हे, बिथरलेपण आहे. मारून ते थांबत नाही, वाढतं.

जर्मन संशोधक पाउल लायहाउझेन यांनी मांजरांचं निरीक्षण करून सांगितलं, की अनेक मांजरं एकच वाट वेगवेगळ्या वेळी वापरतात. समोरून आधीच कोणी निघालेलं दिसलं तर दुसरं थांबून राहतं. वासाच्या खुणांनाही या वेळापत्रकात जागा असावी, असं मानलं जातं. पोखर्णी नृसिंह हे परभणी–परळी रेल्वेमार्गावरचं स्थानक. तिथल्या एकेरी रुळांवर सिग्नल जे काम करतो, तेच या खुणांचं. जमीन वाटून न घेता मांजरांनी वेळ वाटून घेतली.

वाघाच्या खुणेची गंमत तर वेगळीच. कोलकात्याचे संशोधक रतनलाल ब्रह्मचारी यांना वाघाच्या फवाऱ्यात बासमतीला सुवास देणारं रसायनच सापडलं. आपल्या आंबेमोहोरातही तेच असतं. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला हे ऐकून लग्नाची पंगत आठवेल, वाघ नाही.

आणि आपण या सगळ्यावर उपाय काय करतो? कुत्र्यानं तंगडी वर करू नये म्हणून ओट्यावर लाल पाण्याची बाटली ठेवतो. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो. लाल त्याला मळकट दिसतो. जो नाकाने वाचतो त्याच्यासाठी आपण डोळ्यांची पाटी लावली, तीही त्याला नीट न दिसणाऱ्या शाईत. मीही ठेवली होती एक. शिवाय रोज फिनेलने ओटा पुसायचो. म्हणजे त्याची पाटी मीच रोज कोरी करून देत होतो, आणि रोज सकाळी तो ती पुन्हा भरत होता. यात माझंच चुकलं असावं. त्याची खूण आपोआप विटते, म्हणून ती ताजी करायला त्याला स्वतः यावं लागतं. हद्दीचा दगड रोवणारा माणूस कधीच निघून गेलेला असतो, तरी दगडावरून भांडण चालूच राहतं.

मोटारसायकलींच्या रांगेत मगाचा कुत्रा परत आला होता. गंगाखेडहून आलेल्या एका गाडीचं मागचं चाक त्यानं खालपासून वरपर्यंत हुंगलं. वाटेतल्या किती गावांच्या कुत्र्यांची खबर त्या रबरावर होती कोण जाणे. त्यानं आपली ओळ त्यावर लिहिली. मालक दर्शन घेऊन आला, कपाळाला बुक्का, हातात नारळाची पिशवी. किक मारून तो निघाला, आणि पोखर्णीचा निरोप ओल्या चाकावरून गंगाखेडच्या रस्त्याला लागला.