भूल उतरते तेव्हा

कळसहून बारामतीला ऑपरेशनसाठी नेलेल्या माणसाबद्दल घरचे पहिले हेच विचारतात, "भूल उतरली का?" भुलीला आपण झोप म्हणतो, पण ती झोप नव्हे. झोपलेल्याला हलवले की तो उठतो. पूर्ण भूल दिलेल्याला सुरीचा घावही जाणवत नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हापासून हे वरदान जगाला मिळाले.

मेंदू मात्र बटण दाबल्यासारखा जागा होत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील एका अभ्यासात दिसले, की तो ठरावीक टप्प्यांवर थांबत थांबत शुद्धीकडे येतो. माणसात साधारणपणे आधी श्वास सुरू होतो, मग गिळणे-खोकणे, मग हाकेला डोळे उघडणे. आणि उठतो तो तोच माणूस, आपल्या आठवणींसह.

मधल्या वेळात त्याला स्वतःचे नावही ठाऊक नव्हते. ते इतरांनी जपले. भूलतज्ज्ञाने श्वास सांभाळला, परिचारिकेने नावाने हाक मारली, दाराबाहेर बायको बसून राहिली.

मग घरात अंथरुणाला खिळलेली, कोणालाच न ओळखणारी आजी? कोणी म्हणेल, "तो परत येणार होता, आजी येणार नाही." पण भूलतज्ज्ञ उद्याच्या नव्हे, समोरच्या माणसाचा श्वास सांभाळतो. माणूसपण शुद्धीवरच अवलंबून असते, तर ऑपरेशनच्या टेबलावर आपण कोणीच माणूस उरलो नसतो.

आज घरी गेल्यावर तिच्याजवळ बसू या. "आजी" म्हणून हाक मारू या.