तापाचा काळा ठिपका

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबाद परिसरात भाद्रपदात कपाशी कमरेला लागते, बांधावर गवत माजते आणि घरोघरी कुणीतरी तापाने अंथरूण धरते. बहुतेक ताप साधे असतात. एखादा नसतो.

2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत अशाच एका तापाने, स्क्रब टायफसने, माणसे दगावली. गवताझुडपांत राहणाऱ्या सूक्ष्म किड्याची चिगर नावाची अळी चावल्याने हा आजार होतो; ती चावते, तेव्हा जाणवतही नाही. साधारण दहा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. म्हणजे अगदी मलेरिया किंवा डेंग्यूसारखेच! फरक सांगणारी खूण बहुधा कपड्यांखाली दडलेली असते: काखेत, जांघेत, कमरेच्या घडीत विडीचा चटका बसावा तशी काळी खपली. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण दाखवत नाही. लाजेने तर नाहीच नाही. शिवाय प्रत्येकाला ती उमटतेच असे नाही.

निदान वेळेत झाले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाने ताप दोनेक दिवसांत उतरू लागतो. उशीर झाला, तर फुप्फुसे, मूत्रपिंड, मेंदू यांवर बेतते.

दुकानातल्या गोळीने ताप तात्पुरता दबतो, आजार आत चालूच राहतो. दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि निंदणी-खुरपणीला गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. धाप, झटके, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसले तर दिवस मोजत बसू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा, मध्यरात्र असली तरी.