नाव सोडण्याचं धाडस

१९०३ साली वऱ्हाडच्या कारभाराची घडी बदलली. निजामाला वर्षाला २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतलेला हा मुलूख इंग्रजांनी मध्य प्रांताला जोडला. त्याच वर्षी अँग्लिकन चर्चचा नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. आयर चॅटर्टन त्याचे पहिले बिशप आणि नागपूरच्या सदरमधलं ऑल सेंट्स हे त्याचं कॅथेड्रल. अमरावती-अकोल्याची अँग्लिकन मंडळीही याच धर्मप्रांतात आली.

ते चर्च तेव्हा राज्यकर्त्यांचं होतं. गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि पलटणींसाठी सरकार पाळक नेमायचं. त्यांचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून निघायचा आणि त्या तिजोरीत वऱ्हाडातल्या कपाशीवाल्याचा साराही असायचा. १९३० मध्ये इथलं चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं. स्वातंत्र्याबरोबर राजाश्रयही संपला. उरली ती इथली माणसं आणि त्यांची श्रद्धा.

याच माणसांनी पुढे एक अवघड गोष्ट केली. युरोपातल्या जुन्या वादांतून निघालेले पंथ मिशनऱ्यांबरोबर इकडे आले होते. एकाच ख्रिस्ताला मानणाऱ्या शेजाऱ्यांची मंडळी त्यामुळे वेगवेगळी झाली. अँग्लिकनांना बिशपांची परंपरा मोलाची. बॅप्टिस्टांचा आग्रह असा, की बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा. एकत्र येण्याची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली. शेवटी एक मोठी मेथडिस्ट शाखा बाजूला झाली, तरी बाकीचे थांबले नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. बिशप राहिले. बाप्तिस्मा तान्हेपणी द्यावा की जाणतेपणी, याबाबत दोन्ही मार्गांना एकाच घरात जागा मिळाली. कुणाला आपली श्रद्धा खोटी ठरवावी लागली नाही, मात्र प्रत्येकाला आपलं जुनं नाव सोडावं लागलं.

मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सगळ्यांना एका प्रार्थनेला बसवलं, ते याच वऱ्हाडात. एकत्र बसायचं तर आपला पाट थोडा सरकवावा लागतो, हे या मातीला ठाऊक आहे. तरीही आपल्या गावांत एका मंडळाची दोन मंडळं होतात, एका संस्थेच्या दोन संस्था होतात आणि वाद बहुधा तत्त्वाचा नसतो, पाटीवरच्या नावाचा असतो.

आपलं कोणाशी असं काही अडलेलं असेल, तर आज एवढंच तपासून पाहावं: आपण श्रद्धा जपतो आहोत की फक्त नाव? नाव असेल, तर ते सोडावं आणि पहिला निरोप आपणच धाडावा.