दूरच्या माणसाचे मत

आमच्या वऱ्हाडात परवापरवापर्यंत दिवाळीची पणती ही सर्वस्वी गावची वस्तू असे. वात घरच्या कापसाची, तेल गावच्या घाण्याचे, माती आणि चाक गावच्या कुंभाराचे. तेल महागले की पणत्या कमी लागत आणि त्याचे कारण लहान मुलालाही कळे. उजेड आणि उजेडाची किंमत एकाच ओसरीवर नांदत होती. जो दिवा लावी तोच त्याचे मोल मोजी.

विजेने ही जोडी फोडली. बटण दाबणारा एकीकडे, कोळसा खणणारा दुसरीकडे आणि राख श्वासात घेणारा तिसरीकडे, अशी वाटणी झाली. महिन्याचे बिल येते खरे. पण त्या बिलावर पैशांखेरीज दुसरी कोणतीच किंमत छापलेली नसते. अणुशक्तीने तर ही फारकत स्थळाच्या आणि काळाच्याही टोकाला नेली. म्हणूनच अणुवीज चांगली की वाईट, असा वाद निघाला की त्याच्या आधीचा एक प्रश्न माझ्या मनात उभा राहतो : या बाबतीत मत देण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो?

अणूच्या सामर्थ्याविषयी वाद नाही. एक किलो युरेनियम-२३५ चे संपूर्ण विखंडन झाले तर जी उष्णता मिळेल, तिच्यासाठी अडीच-तीन हजार टन कोळसा जाळावा लागेल. आणि भट्टीतल्या या उष्णतेबरोबर धूर निघत नाही. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी शांततेसाठी अणू वापरण्याचा विचार संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडला. १९५५ साली जिनिव्हाला भरलेल्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभांकडे आले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी जागी झाली. हिरोशिमाच्या जखमा भरल्या नव्हत्या, तोच त्याच अणूकडे माणसाने भाकर मागितली, ही विसाव्या शतकातली मोठीच आशा होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरच्या दोन भट्ट्या रीतसर वीज देऊ लागल्या. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. २००५ आणि २००६ मध्ये तिथे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या सुरू झाल्या.

त्या पहिल्या वर्षांत जगाचे मत बहुतेक एकमुखी होते. मग १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंड, १९८६ साली चेर्नोबिल आणि २०११ साली फुकुशिमा, अशा तीन अपघातांनी तराजू फिरला. आता पृथ्वी तापू लागल्याच्या चिंतेने तो पुन्हा उलट बाजूला झुकताना दिसतो. भीती आणि गरज यांच्यामध्ये लोकमत असे हेलकावे खात आले आहे. मात्र दोन्ही वेळा बोलणारी बहुतेक माणसे भट्टीपासून फार दूर राहणारी होती.

आम्ही धनजची माणसेही दूरचीच. तारापूर इथून सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटर. हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याशी एकदा याच विषयावर बोलणे निघाले. ते म्हणाले, “गुरुजी, लाइन कायची बी असो, मले काय त्याचं? रात्री दोन वाजता ओलित करा लागते, ते दिवसा झालं म्हंजे पुरे.” मी विचारले, “काकाजी, मग अणुभट्टी आपल्याच शिवारात उभी केली तर?” ते हसले. “आपल्या इथं काहून बा? तिकडं समुद्र हाय ना!”

हे उत्तर स्वार्थी म्हणून झटकून टाकण्याची घाई कोणी करू नये. रात्री दोनच्या अंधारात, पायाखाली साप आहे की नाही हे न दिसता ओलित करणाऱ्या माणसाने वीज मागितली, तर त्यात गैर काय? आणि ‘तिकडे समुद्र आहे’ हे तर शहरातले सुशिक्षितही म्हणतात. फक्त ते इतक्या स्वच्छ शब्दांत म्हणत नाहीत. अडचण एवढीच, की समुद्राच्या काठालाही गावे असतात.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या माडबन परिसरात जैतापूरचा प्रकल्प योजला गेला. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सशी त्याचा करार झाला. जमीन सक्तीने संपादन झाली होती. अनेक खातेदारांनी मोबदल्याचे धनादेश परत फिरवले. भट्टीतून सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळी जाईल, अशी धास्ती साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी घेतली. १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक तरुण प्राणास मुकला. पुढे मोबदला वाढला, अनेकांनी तो घेतला, तरी विरोध विझला नाही. करारानंतर दीड दशक लोटले, पण तिथे भट्टी उभी राहिलेली नाही.

या लोकांना विज्ञान कळत नाही, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. पण अणूचे विज्ञान भट्टीची बाजू घेणाऱ्यांपैकी तरी किती जणांना कळते? दोघेही कोणावर तरी विश्वास ठेवूनच बोलतात. माडबनचा माणूस त्या विश्वासावर आपले घर, आंब्याची झाडे आणि नातवंडे लावतो. दूरचा माणूस काहीच लावत नाही. ज्याला हरण्यासारखे काही नाही, त्याचा धीर फार मोठा असतो. तशा धीराला मत म्हणावे, की नुसती आवड म्हणावी?

परदेशांतही हेच दिसते. फुकुशिमाच्या ज्या केंद्रावर ११ मार्च २०११ रोजी अरिष्ट कोसळले, ते टोकियोच्या वीज कंपनीचे होते आणि त्याची वीज टोकियोच्या बाजूला जात होती. फुकुशिमाच्या घरांत दिवे लागत ते दुसऱ्याच कंपनीच्या विजेवर. घरदार सोडून निघावे लागले ते मात्र फुकुशिमाच्या सुमारे दीड लाख माणसांना.

नकार देणाऱ्यांचीही परीक्षा याच कसोटीवर व्हायला हवी. इटलीने चेर्नोबिलनंतर, १९८७ साली, सार्वमत घेऊन अणुवीज नाकारली आणि आपली केंद्रे बंद केली. पण शेजारच्या फ्रान्समधून वीज घेणे चालूच ठेवले. फ्रान्सची निम्म्याहून अधिक वीज अणूचीच आहे! याउलट ऑस्ट्रियाने त्स्वेन्टेनडॉर्फ येथे केंद्र पुरते बांधून झाल्यावर, ५ नोव्हेंबर १९७८ रोजी, लोकांना विचारले. साडेपन्नास टक्क्यांनी नको म्हटले आणि ते केंद्र कधीच सुरू झाले नाही. ऑस्ट्रियाचा निर्णय शहाणपणाचा होता की नाही यावर वाद घालता येईल. पण बांधलेल्या केंद्राचा खर्च पाण्यात गेला तो त्यांचा स्वतःचा. ‘नको’चीही किंमत असते आणि ती त्यांनी मोजली.

विदर्भाच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे. कोराडी, खापरखेडा, आमच्या जुन्या अकोला जिल्ह्यातले पारस, सगळीकडे कोळसाच जळतो. ती वीज साऱ्या राज्याच्या जाळ्यात जाते आणि राख इथेच राहते. ‘मुंबई-पुण्याच्या दिव्यांसाठी आम्ही धूर का खावा?’ असे आपण विचारतो, आणि बरोबर विचारतो. मग तोच प्रश्न माडबनने आपल्याला विचारला तर तो अडाणीपणा कसा ठरेल? आणि कोकणात अणू नको म्हणणाऱ्या शहरवासीयानेही चंद्रपूरच्या मुलाच्या छातीत जाणाऱ्या धुराचा हिशोब द्यायला नको का?

आणखी एक पक्ष आहे, त्याला मतच नाही. वापरलेल्या इंधनात तयार होणाऱ्या प्लुटोनियमचे तेज निम्म्यावर यायला चोवीस हजार वर्षे लागतात. ज्ञानेश्वरांच्या समाधीला अजून साडेसातशे वर्षेही झाली नाहीत, तरी त्यांची ओवी वर्गात शिकवताना मला शब्दाशब्दाला अर्थ सांगावा लागतो. मग ‘इथे खणू नका’ ही सूचना चोवीस हजार वर्षांनंतरच्या माणसासाठी कोणत्या मराठीत लिहून ठेवायची? कोळशानेही न जन्मलेल्यांच्या माथी तापलेली पृथ्वी मारलीच आहे. म्हणून या एका मुद्द्यावर अणूलाच फासावर चढवणे न्यायाचे नाही. पण आपण उजेडात बसतो ते कोणाच्या तरी नावावर उधारी मांडून, एवढे तरी ध्यानात असावे.

तर मग करावे काय? कोणी म्हणेल, ‘जवळच्यांना नकाराचा हक्क दिला तर देशात एक धरण, एक कारखाना उभा राहणार नाही. कोट्यवधींची गरज एका गावाने अडवायची का?’ आक्षेप खरा आहे. त्याचे एक उत्तर फिनलंडने दिले आहे. अणुकेंद्राला जागा देणाऱ्या गावाच्या परिषदेला तिथला कायदा स्पष्ट नकाराधिकार देतो. तो हातात असताना एउरायोकी या गावाच्या परिषदेने २००० साली, वापरलेले इंधन आपल्या हद्दीत चारशे मीटरहून खोल खडकात कायमचे पुरायला बहुमताने होकार दिला. पटवून द्यावे लागले, प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली, वेळ लागला. पण ‘नाही’ म्हणता येत होते म्हणूनच त्या ‘हो’ला वजन आले. ज्याला नकाराची सोय नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणत नाहीत, नाइलाज म्हणतात.

आपल्याकडे याची सुरुवात कायद्याआधी मनात व्हायला हवी. अणुवीज हवी म्हणणाऱ्याने स्वतःला विचारावे : ही भट्टी माझ्या शिवारात आली असती तर मी कोणती हमी मागितली असती? तेवढी हमी माडबनसाठी मागायला मी उभा राहीन का? नको म्हणणाऱ्याने विचारावे : या नकारापायी माझी कोणती सोय सोडायला मी तयार आहे? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर दोघांनीही अजून काही काळ ऐकण्याचे काम करावे.

रात्री ओलित करणाऱ्या काकाजींना दिवसा वीज मिळालीच पाहिजे. ती त्यांची भीक नाही, हक्क आहे. पण तिची किंमत मोजणारा कोणीतरी समुद्राकाठी किंवा खाणीच्या तोंडाशी उभा आहे. त्याला आधी विचारणे, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर ते ऐकून घेण्याची तयारी ठेवणे, एवढे आपण दूरच्या माणसांनी केले तर आपल्या मताला मत म्हणता येईल.