पावतीपुस्तक



परवा जयंतीच्या तयारीच्या बैठकीत मी एक वाक्य बोललो. ते अजून घशात अडकलंय. वर्गणीचं एक पावतीपुस्तक माझ्या चुलतभावाला द्यावं, असं कुणीतरी सुचवलं. चार महिन्यांपूर्वी तो तुरुंगातून सुटून आलाय. मी पटकन म्हणालो, "पैशाचं काम त्याच्याकडं नको." तो दारातच बसला होता. उठला अन् गुमान निघून गेला.

मी खोटं बोललो नव्हतो. वस्तीतल्या अकरा बायांच्या भिशीचे पैसे त्यानं उडवले. त्यात माझी आत्या होती. दीड वर्ष शिक्षा भोगली. मग प्रश्न असा, की शिक्षा संपली म्हणजे देणं फिटलं का? अन् फिटलं नसेल तर माणसानं कुठवर फेडायचं?

शिक्का म्हणजे काय हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट केली. माणसं गिरणीत राबायची अन् पुन्हा कुंपणात येऊन हजेरी द्यायची. १९५२ साली तो कायदा गेला. शिक्का गेला का? पारध्याच्या पोराला विचारा. तुरुंगातही तेच. भाऊ सांगतो, आधी जात विचारली, मग हातात झाडू दिला. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाविरोधी आहे, हे सुप्रीम कोर्टानं ३ ऑक्टोबर २०२४ ला सांगितलं. घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाल्यावर! २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती. चारातली तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेली. वस्तीला कच्चा-पक्का कळत नाही. 'आत जाऊन आला' एवढंच कळतं.

हे सगळं मी भाषणात बोलतो. यावर कविता केल्यात, टाळ्या घेतल्यात. अन् घरातलाच माणूस परत आला तेव्हा शिक्का माझ्याच हातात होता.

तो सुटला त्या दिवशी मी फाटकावर गेलो नाही. रातपाळी आहे म्हणून सांगितलं. रजा मागितली असती तर मिळाली असती. गेला कोण? बाजारातला एक म्हातारा हमाल. सगळे त्याला मामा म्हणतात. त्यानं स्वतः सात वर्षं काढलीत. चपलांचा जोड घेऊन गेला. "जेवलास का?" एवढंच विचारलं. बराकीत रात्रभर दिवा जळतो, म्हणून भावाला अंधारात झोप लागेना. मामानं बल्ब चालू ठेवला अन् शेजारी अंग टाकलं. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

मामासारखे आणखी चौघं आहेत. रविवारी विहाराच्या ओट्यावर बसतात. सुटणाऱ्याला आणायला जातात, रेशनकार्डावर नाव चढवायला सोबत जातात, कामाला लावतात. अन् कुणी थाप मारली की तिथंच धरतात. आपण फसतो, ते फसत नाहीत. त्या सगळ्या थापा त्यांनी कधीकाळी मारलेल्या असतात.

कॅलिफोर्नियात २००३ साली तुरुंगातून आलेल्यांनीच 'ऑल ऑफ अस ऑर नन' ही संघटना काढली. नोकरीच्या अर्जावर 'शिक्षा झाली होती का?' असा चौकोन असतो, तो काढून टाका म्हणून मोहीम चालवली. १९७२ साली आपल्या पँथरनं ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथरांचा जन्म याच कॅलिफोर्नियातला. त्यांच्या वतीनं दुसरं कुणी बोललं नाही. ते स्वतः बोलले.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अंगुलिमालाची कथा घेतलीय. पाली सुत्तात असं आहे, की भिक्खू झाल्यावरही लोकांचे दगड त्याला लागले. डोकं फुटलं, भिक्षापात्र फुटलं. बुद्धानं त्याला सोसायला सांगितलं. लोकांना 'विसरा' म्हटलं नाही, अन् त्याला संघातून काढलंही नाही. इथं मला वाट दिसते. माफी वेगळी, जागा वेगळी. आत्या अजून भावाशी बोलत नाही. तो तिचा हक्क आहे. तिनं माफ करावं हे सांगणारा मी कोण? पण बैठकीत जागा देणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. ती अडवायला मी आत्याचं नाव पुढं केलं.

मी मामाकडं गेलो. पावतीपुस्तकाचं काय करू, विचारलं.

"दे की," मामा म्हणाला. "दोघांनी मिळून फिरायचं. रोजचा हिसाब फळ्यावर लिवायचा. त्याचा एकट्याचा नाय, तुजा बी."

मी गप्प झालो. तीन वर्षं मी वर्गणी गोळा करतोय. माझा हिशेब आजवर कुणी मागितला नव्हता.

येत्या रविवारी दोन पावतीपुस्तकं घेऊन जातोय. एक त्याला देणार. दुसरं माझं. आधी माझ्या पावत्या मोजा.

जय भीम.