भिंतीवरचा रंग आणि अंगावरचे देणे

संतसज्जनहो, दिवाळी जवळ आली की घरोघर रंगरंगोटी निघते. गवंडी पडलेला गिलावा भरतो, रंगारी परांचीवर चढतो, आठ दिवसांत देवघर उजळते. मग हिशेबाचा दिवस येतो आणि मालक म्हणतो, "अहो, कोपऱ्यात पोपडे दिसतायत. उरलेले पैसे मग बघू." हे 'मग' कित्येकदा उजाडतच नाही.

अशा वेळी कारागिराने काय करावे? आपल्याकडील १८७२ च्या कराराच्या कायद्यात एक कलम आहे. पैलू पाडण्यासाठी दिलेला हिरा जवाहिऱ्याला मजुरी मिळेपर्यंत अडवून ठेवता येतो. शिंप्याने उधारी कबूल केली नसेल तर त्यालाही कोट ठेवून घेता येतो. पण रंगाऱ्याने काय अडवावे? रंग तर मालकाच्या भिंतीवर बसला! हे कलम हाती सोपवलेल्या वस्तूपुरतेच आहे, घराला ते लागत नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्याने १७९१ साली, वॉशिंग्टन शहर उभारले जात असताना, कारागिराच्या थकलेल्या पैशांचा बोजा इमारतीवर चढवण्याची सोय केली. आज तेथील सर्व राज्यांत तसे कायदे आहेत. तिकडे घर घेतलेल्या आपल्या मंडळींना हे ठाऊक असेल. इकडे मात्र रंगाऱ्याला दिवाणी दावाच लावावा लागतो. पैसे देण्याची तारीख ठरली नसेल, तर तोही काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. रोजावर पोट असलेला माणूस कोर्टाची पायरी किती दिवस झिजवणार?

म्हणून आम्ही म्हणतो, जेथे कायद्याचा बोजा चढत नाही, तेथे तो मालकाच्या मनावर चढला पाहिजे.

कोणी विचारील, काम वाईट झाले तरी गप्प बसायचे काय? मुळीच नाही. कोपरा दाखवा, दुरुस्त करून मागा. नाहीच केला, तर तेवढ्या दुरुस्तीचा खर्च त्याच्यासमोर मांडून वजा करा आणि बाकी रक्कम त्याच दिवशी हातावर ठेवा. एका कोपऱ्यासाठी चार भिंतींची मजुरी दाबणे हा हिशेब नव्हे.

दुसरा कोणी म्हणेल, "तुकोबांनी खतपत्रे इंद्रायणीत सोडली. मग रंगाऱ्यानेही थोडे सोडावे की!" बाबांनो, ती कथा नीट ऐका. तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबांचा वाटा आधी वेगळा काढून दिला आणि आपल्या वाट्याचीच खते बुडवली. त्यांनी सोडले ते स्वतःचे येणे. आपण सोडायला निघालो ते दुसऱ्याचे घेणे! आपल्या हक्काचे सोडणे हा त्याग. दुसऱ्याच्या हक्काचे ठेवून घेणे याला काय म्हणतात ते सांगायला नको.

आणखी एक आठवण ठेवावी. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबांनी देह ठेवला, इ. स. १३३८ मध्ये. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारी समाधी बांधली, अशी परंपरा आहे. म्हणजे विठ्ठलाच्या दारात आपण आधी माथा टेकतो तो भिंतीच्या कामावर खपलेल्या एका मजुरापुढे. तेथे डोके ठेवायचे आणि आपल्या दारातल्या रंगाऱ्याला "उद्या या" म्हणून परत पाठवायचे, हे कसे जमावे?

यंदा दिव्याची पहिली पणती लावण्याआधी घरच्या वहीत पाहा. कोणाचे काही अडले असेल, तर त्याला हेलपाटा घालायला लावू नका. आपण होऊन त्याच्या घरी नेऊन द्या. त्याच्याही घरी दिवाळी आहे. रामकृष्ण हरि.